माझ्या मागे उभं राहू नका

"काका, तुम्ही स्वतः या गाडीच्या मागे उभे राहाल का? उतारावर? दोन्ही हातांत काच धरून?"

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा प्रश्न येऊन आदळला आणि रांगेतली कुजबुज एकदम थांबली. प्रश्न विचारणारी मुलगी नववीतली. तिच्या मागे पाण्याच्या कूलरला टेकून दोन मैत्रिणी तोंडावर हात दाबून हसत होत्या. "विचारून दाखव, हिंमत असेल तर!" असं म्हणत त्यांनीच तिला शाळेपासून डिवचत आणलं होतं. तिने नुसता विचारला नाही, चांगला खणखणीत विचारला.

टाय लावलेल्या काउंटरवाल्या काकांनी काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. बाहेर, भर उन्हात, मी उभी होते.

मित्रांनो, 'ही गाडी' म्हणजे मी. पांढरी पिकअप. पांढरी म्हणजे एकेकाळी पांढरी. आता रंग ताकासारखा झाला आहे, डाव्या गालाला पोचा आहे आणि मागच्या एका लाल डोळ्याला चिकटपट्टी आहे. बोलता येत नाही, म्हणून आजवर गप्प राहिले. पण त्या मुलीचं ऐकलं आणि वाटलं, आपणही एकदा सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. साखळीला लटकत लटकत मी पुढे सरकत होते आणि जो तो काहीतरी माझ्यात बसवत होता. कुणी दार लावून धाडकन आपटून पाहिलं, कुणी दिवे लावून पाहिले, एकाने तर माझ्या पाठीवर उभं राहून उड्या मारल्या. फार लाड झाले हो! फक्त एका वस्तूकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. गिअरच्या दांडीच्या तळाशी प्लास्टिकची एक कडी असते, बोटातल्या अंगठीएवढी. दांडी आणि आतला गिअर यांचा हात एकमेकांच्या हातात देणारी. टक् करून बसवली आणि मी पुढे. एवढ्याशा कडीला कोण विचारतो!

मला घरी आणलं ते एका काचवाल्याने. खिडक्यांच्या काचा, कपाटांचे आरसे, दुकानांची दारं, सगळं तो आणि त्याची बायको मिळून बसवायचे. माझ्या पाठीवर त्यांनी लाकडाची तिरकी चौकट ठोकली, तिला जुन्या सतरंजीचे तुकडे गुंडाळले. काच आडवी न्यायची नसते, उभीच न्यायची असते, हे मला तेव्हा कळलं. त्यांची मुलगी तेव्हा नुकती दुडुदुडु धावायला लागली होती. दिवसभर तिचा आवाज असा की बाप तिला 'तोफ' म्हणायला लागला.

काय दिवस होते ते! पाठीवर मोठा आरसा असला की मी अख्खं आकाश घेऊन फिरायचे. सिग्नलला थांबले की मागचे स्कूटरवाले माझ्या पाठीत बघून भांग पाडायचे. एकदा तर वाहतूक पोलिसाने दंड करायला म्हणून मला अडवलं आणि टोपी नीट करून, स्वतःवर खूश होऊन, सोडून दिलं. खड्ड्यांच्या रस्त्यावरून मी इतकी अलगद चालायचे की कधी काचेला ओरखडा आला नाही. संध्याकाळी काचवाला माझ्या बॉनेटवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "ही गाडी नाही, माझी थोरली लेक आहे."

"मग मी कोण?" छोटी विचारायची.

"तू तोफ."

काचेच्या धंद्यात दोन नियम असतात. पहिला, हातात घेतलेली काच कधीही सोडायची नाही. पाय घसरो, माशी चावो, आभाळ कोसळो, काच आधी टेकवायची, मग स्वतःचं काय ते बघायचं. दुसरा, कुणाच्या हातात काच असताना ओरडायचं नाही. दचकून हात सुटतो. म्हणून माल उतरवताना तोफसुद्धा चिडीचूप व्हायची. बहुधा तिथूनच तिला गप्प राहायची सवय लागली असावी. पुढे पुढे ती शाळेतही इतकी हळू बोलायची की हजेरी घेताना बाई विचारायच्या, "आत्ता कोण पुटपुटलं?"

आणि मग एके दुपारी मी आपली आपण चालायला लागले.

एका शिंप्याच्या दुकानासमोर, जरा उतारावर, काचवाल्याने दांडी 'पी'वर टाकून मला उभं केलं होतं. 'पी' म्हणजे पार्क, म्हणजे थांब. माझ्या आत काहीतरी सुटलं. बाहेर दांडी 'पी'वरच, आत मात्र गिअर मोकळा. मी हळूहळू मागे निघाले. मित्रांनो, तुम्ही झोपेत चालत असाल आणि तुम्हाला ते दिसत असेल, पण पाय तुमचं ऐकत नसतील, तर कसं वाटेल? अगदी तसं. शेवटी एका कुंडीने मला अडवलं. कुंडी बिचारी गेली.

"तुम्ही पार्कवर टाकलीच नसेल," बायको म्हणाली.

"अगं, टाकली होती! बघ ना, अजून पार्कवरच आहे."

"मग गाडीला काय पाय फुटले?"

सर्व्हिस सेंटरमध्येही तेच. "तुम्ही विसरला असाल, साहेब. होतं कधीकधी." काचवाल्याला खूप लागलं ते. घरी येऊन तो बराच वेळ माझी दांडी पुढेमागे करत बसला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, तुझी काही चूक नाही! पण माझ्याकडे आहे काय, तर हॉर्न. तोही दुसऱ्याने दाबला तर वाजणारा.

पुढे कळलं, माझ्या कितीतरी बहिणी अशाच चालत सुटल्या होत्या. एक नाल्यात गेली. एक गादीवाल्याची होती, ती भिंतीला धडकली. सगळ्यांना तेच ऐकवलं होतं, तुम्ही विसरला असाल. तक्रारींचा ढीग झाला तेव्हा कुठे कंपनीने कबूल केलं, की ती प्लास्टिकची कडी उन्हाने ठिसूळ होते आणि निसटते, दाबून बसवली तरी पुन्हा निसटते. सगळ्या मालकांच्या फोनवर मेसेज आला, गाडी घेऊन या, कडी फुकट बदलून देऊ. काचवाल्याच्या घरी त्या दिवशी आनंदीआनंद. मला धुतलंसुद्धा!

आम्ही गेलो. काउंटरवाले काका म्हणाले, "भाग अजून आलेला नाही. आला की कळवू."

परत गेलो. "वरूनच आलेला नाही."

तिसऱ्यांदा गेलो. "तोपर्यंत हँडब्रेक ओढत जा. आणि शक्यतो गाडी सपाट जागी उभी करा."

"बरं," काचवाला म्हणाला, "गिऱ्हाइकांना सांगतो, सपाटीवर राहायला या."

हँडब्रेक माझाही आहे. पण उतार थोडा असला तर तो मला धरतो. उतार खडा असला की त्याचाही दम तुटतो. म्हणून घरच्यांनी एक भलाथोरला दगड आणला, चाकाखाली लावायला. तोफेने त्याला पिवळा रंग दिला. दगड पुढच्या सीटवर बसून यायचा, उतरताना आधी त्याला उतरवायचं, आणि काम काय तर नुसतं बसून राहायचं. म्हणून आईने त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "जावईबापूंना बसवलं का गं?" असं विचारल्याशिवाय कुणी काचा बांधलेली दोरी सोडायचं नाही. जावईबापूंची सगळी बडदास्त तोफेकडे. हसतखेळत चाललं होतं सगळं. पण मला धडकीच भरायची. कारण जावईबापूंना बसवायला ती मुलगी रोज माझ्या मागच्या चाकापाशी वाकायची.

गादीवाल्याने त्याची गाडी सरळ विकून टाकली.

"घेणाऱ्याला सांगितलंत का?" काचवाल्याने विचारलं.

"त्याने विचारलंच नाही."

काचवाला तसाच घरी आला. त्यालाही मला विकता आलं असतं. त्याने विकलं नाही. आणि मला कळेना, याचा आनंद मानू की दुःख.

या वर्षी तोफेला मात्र पुन्हा वाचा फुटली. प्रार्थनेनंतर बातम्या वाचणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला उभं केलं, आणि हिचा आवाज माइक बंद असतानाही पार मागच्या रांगेपर्यंत गेला. तिलाच आश्चर्य वाटलं! त्या दिवसापासून ती घरातसुद्धा बातम्या दिल्यासारखी बोलते. "आईकडून मिळालेल्या वृत्तानुसार आज पुन्हा दुधी आहे." म्हणून तर मैत्रिणींनी पैज लावली आणि बापाने मला चौथ्यांदा नेलं तेव्हा तिने काउंटरवर तो प्रश्न विचारला.

काकांनी काय उत्तर दिलं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे पाहिलं, मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातात असतं ना बाळ, तर कधीच बसवली असती."

"पण उभे राहाल का?"

"पुढचे कोण आहेत? या," काका म्हणाले.

मैत्रिणी बाहेर येऊन खूप हसल्या. ती नाही हसली.

त्याच आठवड्यात तिच्याच शाळेचं काम निघालं. नाचाच्या वर्गासाठी भिंतभर आरसा. एवढा मोठा आरसा मी पाठीवर कधी घेतला नव्हता. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत चांगलाच खडा चढाव, आणि त्यावर नव्याकोऱ्या गुळगुळीत फरशा. काचवाल्याने मला त्या चढावावर, तोंड वर्गाकडे करून उभं केलं, दांडी 'पी'वर टाकली, हँडब्रेक ओढला. तोफ गणवेशातच धावत आली आणि तिने चाकामागे दगड लावला.

"बसले का जावईबापू?"

"बसले!"

दोघांनी आरसा उतरवला. एका टोकाला बाप, एका टोकाला आई. आरशाची चेहरा दिसणारी बाजू माझ्याकडे, आणि ते दोघं त्याच्या मागे. मला वळसा घालायचा म्हणून आधी उताराकडे पावलं मागे मागे टाकत चालले होते. आरशाच्या मागे असलेल्याला पुढचं काहीच दिसत नाही, मित्रांनो.

तेव्हा माझ्या आत ती कडी सुटली.

हँडब्रेक कण्हला. जावईबापू फरशीवरून साबणासारखे सरकले. आणि मी निघाले. मागे आरसा होता, त्यामुळे मला पहिल्यांदाच दिसलं, मी निघते तेव्हा कशी दिसते ते. ताकासारखी पांढरी, एका डोळ्याला चिकटपट्टी, आणि मोठी होत चाललेली. मोठी, आणखी मोठी. मी स्वतःला म्हणत होते, थांब, थांब, थांब. दांडीही म्हणत होती, थांब. आम्ही कुणीच थांबत नव्हतो.

"आरसा टाका!"

असा आवाज त्या शाळेने कधी ऐकला नसेल. पण त्यांनी टाकला नाही! आईने उलट अंगाशी घट्ट धरला. इतक्या वर्षांची सवय, काच सोडायची नाही.

"आई, सोड! बाबा, सोडा तो! सोडा!"

तोफ बाजूने धावली आणि तिने आईला दंडाला धरून असं खेचलं की दोघी फरशीवर आपटल्या. आरसा तिरपा झाला, बापाने हात सोडले आणि दुसऱ्या बाजूला उडी टाकली. मी त्या आरशावरून, माझ्याच चेहऱ्यावरून गेले. फाटकाच्या खांबाने मला अडवलं.

नंतर कितीतरी वेळ फक्त काचा गळत होत्या.

आईचं कोपर सोललं, बापाच्या पोटरीला टाके पडले. नर्सबाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं. बापाने दवाखान्यातूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडून विचारलं, "कुणी दगावलं का?" नाही म्हटल्यावर पलीकडचा आवाज मोकळा झाला. "मग तक्रार किरकोळमध्ये नोंदवतो. भाग आला की कळवू."

मला ढकलत ढकलत दुकानामागच्या अंगणात आणलं. अगदी सपाट जागा आहे ही. मित्रांनो, तुमच्या घरीही गाडी असेल. तिला धुता, पुसता, नवीन कव्हर घालता, चांगलं करता. पण ती एकदा जरी आपणहून हलली, तर तिचं ऐका. 'मीच विसरलो असेन' असं म्हणून स्वतःला गप्प करू नका आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका. गाडीला काळजी करता येते, पण ब्रेक लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाप पोटरीला पट्टी बांधून अंगणात आला. हातात किल्ली.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"दवाखान्याच्या खिडक्यांचं काम आहे ना. शब्द दिलाय."

"आणि ही?"

"लावू की दगड. दोन लावू."

आईने हातमोजे उचलले. मी पाहत होते, दुसरं काय करणार? किल्ली फिरली की मला उठावंच लागतं.

तेवढ्यात तोफ बाहेर आली. पाठीला दप्तर, आणि पोटाशी दोन्ही हातांनी धरलेले पिवळे जावईबापू. वजनाने ती मागे वाकली होती.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. या वेळी ओरडली नाही. "जावईबापू आता आपल्याकडे राहणार नाहीत. शाळा सुटली की मी त्यांना नेऊन त्या काउंटरवर ठेवणार आहे, संगणकाच्या अगदी समोर, आणि शेजारी बसून राहणार आहे. रोज. कडी मिळाली की दोघं घरी येऊ. आणि बाबा, दुसरा दगड आणायचा नाही. आणलात, तर तो लावायला गाडीच्या मागे मी वाकणार नाही. तुम्हालाही वाकू देणार नाही. किल्ली द्या."