अकराचा ताळा

आमच्या दवनीवाड्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीचं नाटक सुरू व्हायच्या आधी गुणाकाराचा सामना होते. या वर्षी तो मीच जिंकणार होती. घमेंड म्हणा, काही म्हणा! जिंकणाऱ्याच्या हाती खडू जाणार होता, म्हणजे त्यानंतरचे निकाल तोच देणार. इतकी वर्षं तो खडू माह्या बाबाच्या, केशोरावच्या हाती होता. निकाल देणाऱ्यानं खेळायचं नाही, म्हणून बाबानं पाटी सोडली ती सोडलीच. तो खडू घराबाहेर जाणं मले खपणारच नव्हतं.

बाबानं फळ्यावर लिहिलं: ७३८४ गुणिले ६२५७. मोबाईल काढायचा नाही, हा नियम. बाजूले बसलेल्या तिलकनं माह्या आधी पाटी उचलली: ४,६२,१०,६८८.

बाबानं नेहमीसारखा नवाचा ताळा घेतला. फळ्यावरच्या दोन्ही संख्यांचे अंक मिळवत मिळवत एकेका अंकावर आणले, ४ अन् २. त्यांचा गुणाकार ८. तिलकच्या उत्तराचेही तसेच ८ आले.

"जुळलं! तिलक जिंकला!"

लोकं टाळ्या वाजवून राहिले होते. माही पाटी कोणी पाहिलीच नाही. असा संताप आला! मी सरळ मंचावर चढली.

"बाबा, माहं उत्तर पाह्य." माह्या पाटीवर होतं ४,६२,०१,६८८.

बाबानं अंक मिळवले. तिथंही ८.

"दोन्ही कसे बरोबर?" खालून कोणीतरी ओरडलं. "मोबाईल काढा ना बे!"

बाबाचा चेहरा उतरला. मले लय वाईट वाटलं. पण चुकीचं उत्तर जिंकू देणं माह्याच्यानं होत नाही.

"नवाचा ताळा खोटा नाही, बाबा. पण त्याले फक्त बेरीज समजते. एक अन् शून्य जागा बदलून बसले, तरी बेरीज तीच. अकराचा ताळा घे. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. तिथं जागा बदलली की पकडल्या जाते."

"काऊन नाही सांगितलं इतके दिवस?"

"तू कधी चुकलाच नाही, मंग कायले सांगू?"

बाबानं फळ्यावरचा नवाचा ताळा पुसला. वजा आलं तिथं अकरा मिळवले. दोन्ही संख्यांचे ३ अन् ९ आले, गुणाकार २७, अकरानं भागून बाकी ५. तिलकच्या उत्तराचे आले ७. माह्या उत्तराचे ५.

"घाई नडली," तिलक हसत म्हणाला.

बाबानं माईक तोंडाजवळ घेतला. "केशोराव चुकला. सोनिका जिंकली!"

त्यानं खडू माह्या हातात ठेवला. मले वाटलं, आता खाली उतरेल अन् घरी जाईल. तो उतरला, पण तिलकची पाटी मागून घेतली अन् समोरच्या सतरंजीवर मांडी घालून बसला.

"लिही वं मोठी संख्या," बाबा म्हणाला. "माही पोरगी म्हणून मले हलकी देशील, तर पाह्य!"