डागातला डाग

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या त्या गृहस्थाला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. लग्नपत्रिका हातात आली तरी तो आधी वेलांट्या बघायचा, मग नवरा-नवरी.

हा कानामात्रा मुलीच्या अंगठीसाठी हिरा घ्यायला निघाला तेव्हा त्याच्या खिशात छापखान्यातलं भिंग होतं आणि मुलीची नजर त्या खिशावर. तिचा दुकानातल्या एका खड्यावर आधीच जीव जडला होता आणि बाबा त्याला नापास करणार याची तिला खात्री होती. तू तरी काही बोल, असं तिनं वाटेत आईला दोनदा विनवलं. आई नेहमीसारखी ‘बघू’ म्हणाली.

दुकान लहान, पण खिडकी मोठी. सराफीणबाईंनी काळ्या मखमलीवर तीन खडे मांडले, त्यात मुलीच्या आवडीचाही, आणि समजावून सांगितलं: पैलू, रंग, स्वच्छता आणि वजन, हिऱ्यात या चार गोष्टी बघायच्या. त्यांचा स्वतःचा कौल पैलूंना. पैलू नीट पडले नाहीत तर आत शिरलेला उजेड खालून पळून जातो. मग खडा कितीही मोठा असो, आंधळाच. किंचित पिवळसर रंग सोन्यात खपून जातो. आणि आतला बारीक डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, तर त्यापायी झोप उडवून घेऊ नये.

कानामात्राला हे काही पटेना. चूक वाचकाच्या नजरेतून सुटली म्हणून ती शुद्ध होते का? त्यानं मुलीचा खडा भिंगाखाली धरला. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सापडला आणि त्यानं सुस्कारा टाकला.

तो सुस्कारा घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. लग्नानंतर पाचव्या वर्षी त्यानं बायकोला घाईघाईत हिऱ्याची अंगठी घेतली होती. घरी येऊन पाहतो तर खड्याच्या कडेशी पिसासारखी रेघ. तेव्हापासून लग्नाच्या दर वाढदिवशी ती अंगठी भिंगाखाली यायची, सुस्कारा पडायचा आणि आल्यागेल्यासमोर तोच विनोद व्हायचा, की हिच्या अंगावर सोन्याचा एकच डाग, आणि त्या डागातही डाग. लोक हसत. बायकोही हसे.

तीच चूक पुन्हा नको, असं म्हणत त्यानं बायकोला अंगठी काढायला लावली आणि जुन्या प्रमाणपत्रासकट सराफीणबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी अंगठी आपल्या काचेखाली फिरवली, कागद वाचला आणि पुन्हा फिरवली.

“कागदात कडेला पीस आहे,” त्या सावकाश म्हणाल्या, “खड्यात नाही. आणि काका, हा हिराच नाही. कारखान्यात बनवलेला पांढरा खडा आहे.”

कानामात्रानं अंगठी ओढून घेतली, भिंग लावलं, खिडकीपाशी नेली, उलटसुलट केली. रेघ नाही. काहीच नाही. पाण्यासारखा स्वच्छ खडा.

“गेल्या वर्षी होती,” तो म्हणाला. “मी या डोळ्यांनी पाहिली.”

त्याला आठवलं, की मध्यंतरी एका सोनाराकडे अंगठी सैल करायला दिली होती. त्या सोनाराला तो तिथेच शिव्या मोजू लागला, तेव्हा बायको म्हणाली, “त्या बिचाऱ्याला कशाला मध्ये घेता? खडा मी बदलून घेतला. ही पहिलीत होती तेव्हा.”

मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची. बावीस वर्षं. बावीस सुस्कारे.

“तुम्ही भिंग काढलंत की मला माझंच बोट सोलून काढताय असं वाटायचं,” बायकोचा आवाज जराही चढला नव्हता. “एकच तर डाग होता माझा. म्हटलं, घ्या हा खोटा, बघा हवं तेवढं. पहिल्या वर्षी वाटलं, आता पकडली जाणार. तुम्ही भिंग लावलंत आणि म्हणालात, ‘आहे गं, अजून आहे.’”

मुलीला हसू फुटलं. बाबांचा चेहरा पाहून तिनं तोंडावर हात धरला.

छापखान्यात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला त्यानं पहिला धडा हाच दिला होता: डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. आणि तो स्वतः बावीस वर्षं नसलेली रेघ वाचत होता. आणखी कुठे कुठे वाचली असेल? बायकोच्या स्वयंपाकात, मुलीच्या अक्षरात?

“खरा कुठाय?”

“बटणांच्या डब्यात, तळाशी. दुपारी कधीमधी काढून बघते. मला नाही दिसत त्यातलं पीस. नुसता लखलखतो.”

त्या डब्यातून सदऱ्याची बटणं त्यानं स्वतः शंभरदा शोधून काढली होती.

सराफीणबाईंनी मुलीचा खडा पुढे सरकवला. सवयीनं त्याचा हात भिंगाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यानं खडा चिमटीत धरून हात लांब केला. खिडकीतला उजेड खड्यात शिरला आणि तसाच उसळून बाहेर आला.

“मला काही दिसत नाही,” तो म्हणाला. “तिला आवडलाय ना? मग तोच द्या.”

मग खाली मान घालून त्यानं बायकोला विचारलं, की घरी गेल्यावर तो खरा खडा एकदा दाखवशील का.

“दाखवीन. भिंग इथे ठेवून यायचं असेल तर.”

भिंग त्यानं मखमलीवर ठेवलं. दुसऱ्या हातानं त्यानं अंगठी सराफीणबाईंकडे सरकवली. यात पुन्हा खरा खडा बसवून मिळेल का, हे विचारायला त्याचं तोंड उघडत होतं. तेवढ्यात बायकोनं अंगठी उचलून बोटात घातली.

“ही राहू दे अशीच,” ती म्हणाली. “तुमची बोलणी बावीस वर्षं हिनं खाल्लीत.”