बंदराच्या बाजूचं शेवटचं गाणं

मी बोलतेय, पण आधीच सांगून ठेवते, मधेच थांबायची मला सवय आहे. मी नव्वदची कॅसेट. पंचेचाळीस मिनिटं या बाजूला, पंचेचाळीस त्या बाजूला. त्यापुढे माझ्याकडून कुणी अपेक्षा ठेवू नये. पनवेलच्या एका गृहस्थाने ठेवली आणि नसता घोळ होऊन बसला.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात झाले आणि पनवेलला एसटी स्टँडजवळ प्रभाकरच्या दुकानात कोरी येऊन पडले. प्रभाकर लोकांना हवी ती गाणी भरून द्यायचा. माझ्या शेजारणींवर कुणाची भजनं, कुणाची हळदीची गाणी, एकीवर तर नुसती पुढाऱ्याची भाषणं. बिचारी! माझ्यावर काय भरतात याची मला काही हुरहूर नव्हती. कॅसेटला मत नसतं. जे भरलं ते बोलायचं.

दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. दादू नावाचा माणूस बगलेत दोन जुन्या तबकड्या घेऊन आला. हा समुद्रकाठच्या करंजा गावचा कोळी. उरणच्या बंदरात क्रेनवर कामाला, आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. तबकड्या त्याच्या नव्हत्या. त्याच्याच ऑफिसातल्या अविनाशसाहेबांनी त्या कुणाकडून तरी चार दिवसांच्या बोलीवर आणल्या होत्या.

तबकड्या होत्या वेस्ली हार्गनच्या. रॉक वाजवणारा परदेशी पियानोवाला. तेव्हाच साठीला आलेला. एका कव्हरवर नुसता पिवळा रंग, दुसऱ्यावर बंदर. प्रभाकरने माझ्या एका बाजूवर 'पिवळा' लिहिलं, दुसरीवर 'बंदर', आणि मिनिटं मोजून म्हणाला, "दादू, बंदर जरा मोठं आहे. शेवटच्या गाण्याची शेपटी कापली जाईल. शंभरची कॅसेट मागवू का?"

"कापू दे," दादू म्हणाला. "शेपटीत काय असतंय!"

एवढंच झालं. बाकी सगळं यातूनच झालं.

त्या रविवारी सकाळी अविनाशसाहेबांच्या पनवेलच्या घरी मला पहिल्यांदा लावलं. साहेब मूळचे पुण्याचे. घर नीटनेटकं, डेकवर क्रोशाचं झाकण. पिवळी बाजू झाली, बंदराची बाजू लागली. शेवटचं गाणं एका खानावळवाल्याचं आहे. समुद्राकाठी त्याची खानावळ. भाऊ बोटीवर गेलेला. हा रोज दोन ताटं वाढतो, एक आपलं, एक भावाचं, आणि भाऊ येईपर्यंत पियानो वाजवत बसतो. दिवा बारीक होतो, जेवण निवतं, तो दाराकडे बघतो आणि…

खट्. माझी पट्टी संपली.

साहेब सोफ्यावर पुतळ्यासारखे बसले. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! संपवलंच नाही! दादू, कळलं का तुला? वाट बघणं संपतच नाही, म्हणून गाणंही संपवलं नाही. काय माणूस आहे हा!"

दादूने तोंड उघडलं होतं. मी पाहिलं. पण तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, शशिकलावहिनी, चहा आणि कांदेपोहे घेऊन आल्या आणि ते राहून गेलं. पुढच्या रविवारी साहेबांनी तीच गोष्ट आणखी दोघांना सांगितली. त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये. आता साहेबांचं तोंड कसं बंद करणार? दादू गप्प राहिला.

रविवारची बैठक मग नेमाचीच झाली. हार्गनला दोघं 'हार्गनबुवा' म्हणायचे. भांडण ठरलेलं. दादूचा जीव पिवळ्यावर. "डावा हात ऐका, साहेब! आमच्या हळदीला ढोल पडतो ना, तसा पडतोय." साहेब म्हणायचे, "अरे, पिवळा म्हणजे नाचगाणं. बंदर म्हणजे विचार." "विचार करून नाचता येत नाय काय?" वहिनी आतून ओरडायच्या, "तुम्ही दोघं एकदा त्याला फोन करून विचारा बाई!" लहानगी मिताली, त्यांची मुलगी, कानांत बोटं घालून अभ्यास करायची. मी दोन्ही बाजूंनी सारखीच वाजत होते. मी कुणाचा पक्षपात करत नाही.

तीन-चार वर्षांनी, गणपती उठल्यानंतर, दादू बरेच रविवार आला नाही. त्याचा थोरला भाऊ काळूराम मासेमारीला गेला होता. बोट सापडली. काळूराम सापडला नाही.

दादू आला तेव्हा दाढी वाढलेली. साहेब हळूच म्हणाले, "आज पिवळाच लावू या." दादू म्हणाला, "नाय साहेब. बंदर लावा."

शेवटच्या गाण्यात खट् झालं आणि दादू हमसून रडला. मी ती गाणी शेकडो वेळा वाजवली असतील, पण त्या दिवशी आणखी एक मिनिट आपल्यात असतं तर बरं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. नाकारत नाही.

तेव्हापासून एक रिवाज पडला. खट् झालं की कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. दादू उठला की मग सगळे उठायचे. वहिनीसुद्धा हातातली कपबशी तशीच धरून थांबायच्या.

सालं गेली. कॅसेटी लोकांनी भंगारात घातल्या, सीडी आल्या, मग त्याही गेल्या. मिताली कॉलेजला गेली आणि कानांत बोटांऐवजी इअरफोन घालू लागली. साहेबांना मोबाइलवरचं गाणं म्हणजे पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटायचं. त्यामुळे माझी नोकरी टिकली.

दोन हजार बारा असावं. रविवारच्या पेपरात आलं की हार्गनबुवांनी वयाच्या सत्तरीपुढे नवा अल्बम काढलाय, आणि तोही एका पोरसवदा गाणारीबरोबर. ती म्हणे लॅपटॉपवर संगीत करते. साहेबांनी पेपर आपटला.

"म्हातारचळ लागलाय! यंत्राच्या मागे पियानो धरून बसलाय."

"तुमचे गुडघे राहिलेत का पहिल्यासारखे?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही लिफ्टने येता ना? मग त्याने घेतली मदत तर काय बिघडलं?"

दादू हसला. "मी पन आता कॅसिओवर तयार बीट लावतो, साहेब. बोटं दुखतात."

मितालीने तेवढ्यात लॅपटॉप आणून टीपॉयवर ठेवला, माझ्या डेकच्या अगदी शेजारी. नवी पाहुणी चकचकीत होती. मी काही बोलले नाही. "बाबा, ऐका तरी. यात तुमचं खानावळीचं गाणंही आहे. दोघांनी मिळून परत म्हटलंय. आणि पूर्ण आहे."

"पूर्ण म्हणजे?"

"तुमच्या कॅसेटवरच्यापेक्षा एक कडवं जास्त आहे."

"त्या पोरीने घुसडलं असणार!"

"नाही हो. मूळ गाण्यातच आहे ते. लोकांनी खाली लिहिलंय, बघा ना. कुणीतरी लिहिलंय, शेवटच्या कडव्यासाठीच हे गाणं ऐकावं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दादू जमिनीकडे बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "ते कडवं पयल्यापासून हाय. कॅसेट पुरली नाय. परभाकरने मला तवाच सांगितलेलं."

खोलीत कुणी हललं नाही. खट् न होताच.

"म्हणजे इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरलो, आणि तू मला येडा बनवत होतास?" साहेबांचा आवाज चिरकला. "कँटीनमध्ये, लग्नांत, माझ्या रिटायरमेंटच्या भाषणातसुद्धा बोललो मी ते!"

"पयल्यांदा चहा आला, म्हनून रायलं. मंग तुमी एवढे खूश, तवा बोलवंना." दादूने मान वर केली. "आनि मंग काळूराम गेला. आई अजून त्याचं ताट वाढते, साहेब. रोज. कुनी त्याला हात लावत नाय, मंग ते मांजराला जातं. तिला मी या गान्याची गोष्ट सांगितलेली. मी इथनं घरी गेलो की ती इचारते, आला का रं त्याचा भाऊ? मी सांगतो, अजून नाय. दर रईवारी. आता गानं संपलं, तर मी तिला काय सांगू?"

साहेब उठले. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी लॅपटॉपचं झाकण बंद केलं. हार्गनबुवांचं एक कडवं ऐकायला हा माणूस उरणपर्यंत चालत गेला असता. पण म्हणाले, "नाही ऐकलं तर काही अडत नाही. मिताली, हे आत ठेव."

"बाबा, पण…"

"आत ठेव म्हटलं ना!"

वहिनी मात्र दादूसमोर येऊन बसल्या. "दादूभावजी, तुम्ही किती वर्षं 'अजून नाही' म्हणणार? तुमच्या आईंचं वय काय झालंय आता?"

दादू चहा न घेताच गेला. पुढच्या रविवारी आला नाही. साहेब मला हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. मी एक बाजूसुद्धा वाजले नाही. घरात सगळ्यांना लॅपटॉप कुठे आहे ते माहीत होतं, आणि कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी दारात दादू आणि त्याच्या मागे त्याची आई, गोदूबाई. कपाळावर आडवं गोंदण, हातात पिशवी, पिशवीत सुकवलेल्या कोळंबीचे सोडे. सोड्यांचा वास आत येताच वहिनींनी खिडकी उघडली आणि मग ओशाळून म्हणाल्या, "मावशी, या ना, पंख्याखाली बसा."

"तिला सांगितलं मी, गानं अजून फुडं हाय," दादू म्हणाला. "तीच म्हनाली, मला घेऊन चल. तुमीच ऐकवा. मला सांगवनार नाय."

आधी मला लावलं. साहेबांचा हट्ट. "आपल्या कॅसेटवर जेवढं आहे तेवढं आपलंच ऐकू." मी वाजले, जीव लावून वाजले. दाराकडे बघतो आणि… खट्. रिवाजाप्रमाणे सगळे थांबले. गोदूबाईंना रिवाज ठाऊक नव्हता. त्या म्हणाल्या, "हां, मंग? फुडं?"

मितालीने लॅपटॉप लावला. हार्गनबुवांचा आवाज खरखरीत झाला होता. ती मुलगी त्याच्या आवाजाखाली हळूच गात होती, म्हाताऱ्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तशी. यंत्राबिंत्राचा गोंधळ काही नव्हता. एक कडवं झालं. साहेब डोळे मिटून बसले होते.

"काय सांगितला त्याने?" गोदूबाईंनी विचारलं.

मितालीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी 'सांग' म्हणून मान हलवली.

"आजी, तो दाराकडे बघतो. दारात कोणी नसतं."

"आला नाय तो."

"नाही, आजी."

दादूने मान फिरवली. गोदूबाई लॅपटॉपकडेच बघत होत्या. "मंग ताटाचं काय केला?"

"भावाचं ताट ओढून घेतो आणि स्वतः जेवतो. सगळं. मग ताट धुऊन पालथं घालतो आणि परत वाजवायला बसतो. तिथे गाणं संपतं."

"थंडच जेवला?"

"हो. थंडच."

गोदूबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा केला. अन्न हाय ते." आणि वहिनींना म्हणाल्या, "पोरी, माज्या चहात साखर कमी घाल."

त्या रडल्याही नाहीत. जाताना साहेब दादूला एवढंच म्हणाले, "पोरगी बरी गाते रे." दादू म्हणाला, "डावा हात पन तिनंच संभाळलाय, साहेब." म्हणजे भांडण मिटलं. पण करंज्याच्या घरात त्या दिवशी किती ताटं वाढली गेली, ते मला पनवेलमध्ये बसून कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी दादूला विचारलं नाही. दादूने सांगितलं नाही.

त्यानंतर वर्षभरात डेकने मला खाल्लं. म्हातारपणी दातांचा भरवसा नसतो, त्याच्याही नाही. माझी पट्टी त्याच्या चाकांत अडकून चुरगळली. साहेबांनी पेन्सिल घालून गुंडाळायचा खूप प्रयत्न केला. दादू म्हणाला, "साहेब, टाकू नका. मला द्या. आईला पायजे."

आता मी करंज्याला असते. माझी पट्टी उलगडून दादूने बोंबील वाळत घालायच्या वलांडीवर, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, ताणून बांधली आहे. वारा आला की मी थरथरते, उन्हात चमकते आणि कावळे बिचकून लांब बसतात. अर्धा पिवळा आणि अर्धं बंदर वाऱ्यावर आहे. खारी हवा मला फार दिवस टिकू देणार नाही. तक्रार नाही. तुम्ही कधी उरणकडून बोंबील नेलेत, तर त्यांची राखण एका पियानोवाल्याने केली होती एवढं लक्षात ठेवा. आणि कुणाला कॅसेट भरून दिलीत, तर जे मावलं नाही ते तोंडाने सांगा.

इथून मला दादूच्या घराची ओटी दिसते. पहिल्याच दुपारी मी तिकडे डोळे लावून होते. गोदूबाई बाहेर आल्या. चटईवर एक ताट ठेवलं. दुसरं ठेवलं. परत आत गेल्या. तिसरं आणायला? मी थरथरायची थांबले. वारा होता, तरी.

त्या तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि खाली बसल्या.

"दादू," त्यांनी हाक मारली, "ये जेवायला. निवायच्या आत ये."