तुदीच्या हातची दिशा

फ्रान्समधल्या गिल्व्हिनेक बंदराच्या धक्क्यावर माझा बार आहे, आणि दर चार वर्षांनी नोव्हेंबर उजाडला की माझ्या गिऱ्हाइकांना वेड लागतं. शिडाच्या बोटींचे खरे दर्यावर्दी एकेकटे पृथ्वीची प्रदक्षिणा करायला निघतात, आणि त्याच दिवशी आमची ही मंडळी मोबाइलवरच्या खेळात आपापली बोट सोडतात. वारा मात्र खरा, त्या वेळी समुद्रावर असेल तोच. एकदा दिशा लावून दिली की तुम्ही झोपा, जेवा, बायकोशी भांडा, बोट आपली चालत राहते. आमच्या पोलिगचे गुडघे गेलेत, धक्क्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत. तोसुद्धा बसल्या जागी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून येतो आणि मग महिनाभर माझं डोकं खातो. मी कटकट करते, पण त्याचा खुललेला चेहरा बघितला की पुढचा शब्द तोंडातच राहतो.

माझा धाकटा भाऊ गुल्वेन मात्र या खेळाच्या नावाने बोटं मोडायचा. उभा जन्म ट्रॉलरवर तांडेल म्हणून काढलेला माणूस. त्या डबड्यातून एक बांगडा तरी निघतो का, असं तो आपल्या मुलाला, तुदीला, चारचौघांत विचारायचा. तुदी हसायचा. बाबा, यात माणसं बुडत नाहीत, तेवढं तरी कबूल करा, म्हणायचा.

तुदीही ट्रॉलरवरच होता. आयरिश समुद्रात जाण्याआधी त्याने आपल्या खेळातल्या बोटीला लांबवरची दिशा लावून दिली, कारण तिकडे नेटवर्क नसतं. बायकोला, रोझेनला, सांगून गेला की टॅबलेटला हात लावू नकोस, मी येईपर्यंत ती नीट चालेल. ट्रॉलर आला नाही. वादळात सगळ्यांसकट गेला. शोधायला गेलेल्यांना एक रिकामा तराफा सापडला, माणूस एकही नाही.

खेळातली बोट चालत राहिली. पोलिगला ती खेळाच्या नकाशावर दिसली तेव्हा त्याने मोबाइल टेबलावर पालथा घातला. मग रोजचंच झालं. येणारा प्रत्येक जण आपली बोट नंतर बघायचा, आधी तुदीची. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्डच्या बेटांमधून ती कुठेही न लागता सरळ बाहेर पडली, त्या दिवशी मी सगळ्यांना फुकट पाजली.

गुल्वेनही येऊ लागला. पोलिगच्या शेजारी बसून "कुठाय?" एवढंच विचारायचा. पोलिग नकाशावर बोट ठेवायचा. कॉफी निवून जायची, मी दुसरी ठेवायची, तीही निवायची.

रोझेन तर तुदीसाठीच्या प्रार्थनासभेचं नावही काढू देईना. पाद्रीबाबांना तिने दोनदा दारातून परत पाठवलं. मी सूप घेऊन गेले तर उशाशी टॅबलेट ठेवून बसली होती. म्हणाली, आत्या, ही दिशा त्याने त्याच्या बोटाने लावलीय. बोट चालतेय तोवर त्याचं काहीतरी चालू आहे ना? मी भांडं ठेवलं आणि आले.

पुढे ब्राझील होतं. ते आधी गुल्वेनच्याच लक्षात आलं. बोट आहे तशी गेली तर सरळ जमिनीवर जाऊन लागणार आणि तिथेच थांबणार. तो सुनेकडे निघाला. त्याचं तोंड मला ठाऊक, म्हणून मीही मागोमाग गेले.

"वळवायला हवी, पोरी," तो म्हणाला.

रोझेन नाही म्हणाली. उद्या दुपारपर्यंत बोट किनाऱ्याला लागेल, असं त्याने समजावलं. लागू दे, ती म्हणाली, पण त्याच्याच हाताने लागेल. मग याचा आवाज चढला. बोट लागणं म्हणजे काय ते तुला कळतं का, म्हणून ओरडला. तिने मान वर केली.

"तुम्हाला तर हा पोरखेळ वाटत होता ना, बाबा?"

तो तडक जिना उतरला. मला दोघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटली. पण खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि त्यानेच माझा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत रोझेन बारमध्ये आली. झोपायच्या कपड्यांवर कोट चढवलेला, टॅबलेट छातीशी धरलेला. तिने तो गुल्वेनसमोर ठेवला. बोटीच्या पुढ्यात सगळी जमीनच दिसत होती.

"मला बघवत नाही, बाबा. घ्या."

गुल्वेनने हात पुढे केला आणि मागे घेतला. सगळा बार त्याच्याकडे बघतोय आणि हा ढिम्म. माझा तोल गेला. अरे घे ना मेल्या, मुहूर्त काढायचाय का, असं मी त्याला म्हटलं.

"असं घेता येत नाही, ताई," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बोटींवर कुणी कुणाच्या हातातून सुकाणू नुसतं काढून घेत नाही. सोडणारा दिशा अंशांत मोठ्याने सांगतो, घेणारा तीच परत म्हणून दाखवतो. तोवर बोट पहिल्याच माणसाची, मग पुढे खडक असो की काही असो.

"त्याने मला सांगितली नाही," गुल्वेन म्हणाला. "त्याच्या वतीने तू सांग."

रोझेनने टॅबलेट दोन्ही हातांनी धरला. एकदा सांगितलं की संपलं, हे तिलाही कळत होतं आणि आम्हालाही. पोलिगने भिंतीकडे तोंड केलं. मी फडका हातात धरून उभी होते. शेवटी ती टॅबलेटवर वाकली.

"दोनशे तीन," ती म्हणाली.

"दोनशे तीन. घेतलं सुकाणू."

त्याचं जाडं, जाळ्यांनी चिरलेलं बोट त्या काचेवर आधी चालेचना. त्याने ते स्वेटरला पुसलं आणि परत लावलं. बोट दक्षिणेकडे वळली, जमीन बाजूला राहिली. रोझेन टेबलाची कड धरून खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. आम्ही कुणी तिला अडवलं नाही.

गुल्वेनने वर पाहिलं नाही. पहारा संपवून निघालेल्या माणसाला सुकाणू घेणारा जे म्हणतो, तेच तो त्या काचेकडे बघत हळू आवाजात म्हणाला.

"जा पोरा. झोप आता."