टाकीकडे जाणारे फुगे

सगळं शहर वाऱ्याची वाट बघत होतं आणि ती एकटी मनातल्या मनात त्याला विनवत होती, थांब रे बाबा, संध्याकाळपर्यंत तरी येऊ नकोस.

हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. धुरकं शहरावर ठाण मांडून बसलेलं. समोरच्या इमारतीचे वरचे मजले खोडरबरानं पुसल्यासारखे गायब. शाळा बंद, खिडक्या बंद, आणि घरी तिची चार वर्षांची चिऊ तोंडावर वाफेचा मास्क लावून बसलेली. लेकीच्या छातीतली ती बारीक शिट्टी ऐकली की हिचाच जीव घुसमटायचा. वारा सुटला की हे सगळं निवळणार होतं. हवामानवाल्यांनी संध्याकाळचा वायदा केला होता. पण वाऱ्याबरोबर हा धूर कुठून येतो त्याचा माग काढायची संधीही उडून जाणार होती, आणि हवा पुन्हा कोंडली की ती शिट्टी पुन्हा सुरू होणार होती.

ती हवेच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मुलांचा दवाखाना होता. त्याच्या गच्चीवर त्यांचं एक यंत्र दिवसभर हवा ओढायचं आणि त्या हवेतली बारीक धूळ एका पांढऱ्या चकतीवर धरून ठेवायचं. शहरभरच्या चकत्यांवर नेहमीचंच होतं, गाड्यांचा धूर, चुलींचा धूर, बांधकामाची माती. या एकाच चकतीवर मात्र जस्त निघालं, तेही ढीगभर. जस्त आणि काजळी हातात हात घालून आली, की समजायचं कुणीतरी टायर जाळतंय.

पण कुठे? गच्चीवरचा वारा दाखवणारा बाण पाण्याच्या उंच टाकीकडे तोंड करून होता, म्हणजे वारा टाकीकडून येत होता. म्हणून त्यांनी टाकीपलीकडची गल्ली न् गल्ली पालथी घातली. हाती लागला एक बसडेपो, आणि तिथल्या मॅनेजरनं चहा पाजून सगळे टायर जागच्या जागी असल्याचं दाखवलं.

"आज सापडलं तर ठीक," प्रयोगशाळेचे सर सकाळी म्हणाले होते, "नाहीतर अहवालात 'स्रोत अज्ञात' लिहून मोकळे होऊ. वारा सुटल्यावर कुणाला पडलीय?"

"मला पडलीय, सर."

"दिसतंय ते. एप्रन उलटा घातलायस."

तिनं एप्रन काढून सरळ केला. लाँड्रीतून नुकताच आलेला, कडक इस्त्रीचा, पांढराशुभ्र.

दुपारी ती घरी धावली. सासूबाईंनी दार उघडलं. "औषध झालं, वाफ झाली. आता माझं डोकं खाणं चाललंय."

चिऊ बाल्कनीच्या दाराच्या फटीतून साबणाचे फुगे सोडत होती.

"चिऊ! दार लाव आधी!"

"आई, एकच! मी दार जास्त उघडतच नाही. फुग्याएवढंच उघडते."

"आणि फुगा केवढा?"

चिऊनं दोन्ही हात फाकवता येतील तेवढे फाकवले.

लेकीला आत ओढायला तिनं हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला. फुगा कठड्यावरून निघाला होता. इतका हळू, की जागचा हलतोय की नाही तेही कळू नये. पण हलत होता.

"कुठे चाललाय गं तो?"

"टाकीकडे. सगळे तिकडेच जातात. त्यांची शाळा आहे तिथे."

"सगळे? रोज?"

"रोज! आजीला विचार."

टाकीकडे. टाकीकडून नव्हे!

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गच्चीवरचा बाण लोखंडी. त्याला फिरवायला वाऱ्यात थोडी तरी धमक लागते, आणि या मेल्या हवेत ती नव्हतीच. शेवटचा वारा गेला तेव्हा बाणाचं तोंड जिकडे होतं तिकडेच ते राहिलं होतं. आणि त्या रुसून बसलेल्या बाणावर भरवसा ठेवून सगळी प्रयोगशाळा उलट्या दिशेला वणवण करत होती!

"चिऊ, ही बाटली मला दे."

चिऊनं बाटली पाठीमागे लपवली. "तू मोठी आहेस."

"तुला खोकला आणणारा धूर कोण सोडतंय ते शोधायचंय."

"परत देशील?"

"देईन."

"भरलेली?"

"भरलेली. शप्पथ."

"अगं, दोन घास तरी खाऊन जा!" सासूबाई म्हणाल्या, पण सून चपला हातात घेऊनच जिना उतरत होती.

दवाखान्याच्या फाटकाशी सर आणि प्रयोगशाळेचे गाडीवाले काका उभे होते. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. सर गच्चीच्या दिशेनं बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! आण ती बाटली इकडे."

"हळू फुंका, सर. केकवरच्या मेणबत्त्या नाहीत."

फुगे जिकडून अंगावर येतील तिकडे चालायचं, एवढंच. तिच्या हातात धूळ मोजणारं छोटं यंत्र, पुढे फुगे उडवणारे सर, मागे गाडी हळूहळू रेटणारे काका. कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला, "साहेब, पोरीचं खेळणं पळवलंत काय?" काकांनी काच खाली करून उत्तर दिलं, "सरकारी काम आहे!" आणि स्वतःच खो खो हसले.

चौकात फुगे गोल गोल फिरून फुटले. त्यात कडेच्या झाडाचं एक पान थरथरलं. नको, एवढ्यात नको! तिनं सरांकडून बाटली घेऊन चौकाच्या प्रत्येक तोंडाशी धावत जाऊन फुगे सोडले. तिसऱ्या गल्लीतून एक फुगा सरळ तिच्या नाकावर येऊन फुटला, आणि यंत्रावरचा आकडा टुणकन वर उडाला.

"सर, इकडे!"

आकडा चढत गेला. मग जळक्या रबराचा वास आला. मग एक उंच भिंत, आणि भिंतीमागे चिमणी; तिचा काळा धूर धुरक्यात असा मिसळत होता, की दोन घरं सोडून कुणाला पत्ता लागू नये. फाटक उघडंच होतं. आत बॉयलरमागे टायरांच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढिगारा, आणि एक माणूस फावड्यानं त्या आत ढकलतोय.

पण सर बघत होते भलतीकडेच. आतल्या दालनात दोरीवर ओळीनं एप्रन टांगलेले होते. पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे. प्रत्येकाच्या खिशावर त्यांच्याच प्रयोगशाळेचं नाव.

"साहेब, तुम्ही कशाला आलात?" लाँड्रीवाला लगबगीनं पुढे आला. "तुमचे कपडे उद्या पाठवलेच असते."

काकांना हसू आवरेना. सरांचे कान लाल झाले होते. "कपडे राहू द्या. आधी हा बॉयलर विझवा," ते म्हणाले आणि फोन काढून बाजूला झाले. ती तोवर चिमणीखाली जाऊन नवी चकती धरून उभी होती, डोळे चुरचुरत होते आणि आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. बघता बघता चकती काळी झाली. तिनं ती डबीत बंद केली. सरांनी बोलावलेले तपासनीस आले, त्यांनी बॉयलरला सील ठोकलं, तेव्हा कुठे ती भिंतीला टेकली.

"ये आता," ती वाऱ्याला म्हणाली. "खुशाल ये."

तो आला तेव्हा ती घराच्या जिन्यात होती. चिऊनं बाटली उजेडात धरून तपासली.

"आई, ही कमी आहे."

"थोडी सरांनी संपवली."

"ते पण खेळतात?"

"आज खेळले. चल, साबण कालवू."

बाटली काठोकाठ भरून तिनं बाल्कनीचं दार सताड उघडलं. सासूबाईंनी नातीच्या कानावर टोपी ओढली. चिऊनं फुंकर घातली, आणि फुगे टाकीकडे न जाता पार उलटे, घरांवरून भराभर उधळले.

"अरेच्चा," चिऊ म्हणाली. "शाळा सुटली."