पंखा काढून टाका

मित्रांनो, गॅरेजच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेला हा चपटा, काळपट डबा म्हणजे मी, एका लाल स्पोर्ट्स कारचा जुना रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी माझ्या बारीक नळ्यांतून फिरायचं आणि थंड होऊन परत जायचं. गाडी पळत असली की समोरून वारा मिळे. ती उभी राहिली की माझ्या पाठीला जोडलेला पंखा वारा ओढून घेई. आम्ही दोघांनी कधी कुरकुर केली नाही. कौतुक मात्र नेहमी रंगाचं आणि आवाजाचं व्हायचं.

मालक तरुण होता, हौशी होता. सुट्टीच्या दिवशी तो शर्यतीच्या मैदानावर जाई. एरवी शेजारच्या सीटवर त्याची आई असे. "अरे, या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं," असं म्हणत ती त्याचा हात धरून उतरायची. मला ती फार आवडायची.

पुढे त्याने इंजिनाची ताकद वाढवली. मैदानावर ती उष्णता मला झेपेना, हे खरं आहे. मला बदलणं भागच होतं, त्याचा राग नाही. मिस्त्रीने दोन नवे रेडिएटर समोर ठेवले. एक बेताचा, दिसायला अगदीच साधा. दुसरा दुप्पट जाड, आरशासारखा चकचकीत. मालकाची नजर दुसऱ्यावरून हलेना.

"हा बसेल, पण मागे पंख्याला जागा उरत नाही," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या कामाला तो साधाच बरा."

"मैदानावर वाऱ्याला काय तोटा? पंखा काढून टाका."

मिस्त्री घुटमळला. पण गिऱ्हाईक नाराज व्हायला नको म्हणून त्याने पंखा काढला आणि माझ्या शेजारी आणून टाकला. मैदानावर नवा रेडिएटर खरोखरच छान चालला.

पुढचं मी मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं. एका सकाळी आईच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा आपली गाडी लवकर पोचेल, असं मालकाला वाटलं. पुलावर दुरुस्ती चालू होती आणि गाड्यांची रांग हलत नव्हती. उभ्या गाडीला वारा कुठला? पाणी उकळलं, वाफ आली, इंजिन बंद पडलं. लोकांनी आईला उचलून एका टेंपोत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती.

काही आठवड्यांनी मालक गॅरेजमध्ये आला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"मिस्त्री, हाच असता तर?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "पोचला असतात," एवढंच म्हणाला.

ते खरं आहे. शर्यतीत मी कमी पडलो असतो, त्या रांगेत नाही. हे सांगताना मला जराही बरं वाटत नाही.

गाडी तेव्हापासून झाकून ठेवली आहे. माझ्या नळ्या गंजत चालल्या आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, गाडीचा कुठलाही भाग निवडताना त्या गाडीत कोण बसतं, हे आधी आठवा. या गाडीत त्याची आई बसायची. पंखा काढला त्या दिवशी ते मालक आणि मिस्त्री या दोघांपैकी कोणालाच आठवलं नाही. मला आठवत होतं, पण मला बोलता येत नाही.