हिच्या खुर्चीतला खड्डा

अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की सोफ्यात बसायचं नाही, बसलात तर उठता येणार नाही. उंच, घट्ट आणि मजबूत हातांची खुर्ची बघा. अशी खुर्ची आमच्या घरात होती. हिची.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं. कंबर दुखायला लागली तेव्हा ही खुर्ची आम्ही सुताराकडून बनवून घेतली होती. वर काळं रेक्झिन, आत फोम, हात लाकडाचे. नंतरची सगळी वर्षं घराचा कारभार त्या खुर्चीवरून चालायचा. भाजी निवडणं तिथे, शिवणटिपण तिथे, फोन तिथे, मला ओरडणं तिथूनच. मी लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो. मशीनरूमच्या चाव्यांचा जुडगा कायम माझ्या पँटच्या मागच्या खिशात असतो. चुकून मी तिच्या खुर्चीत टेकलो तर ती आतून म्हणायची, "उठा आधी. चाव्यांनी रेक्झिन फाटेल." बघायचीसुद्धा नाही. आवाजावरून कळायचं तिला.

अक्काचा फोन आला.

"गुंड्या, तिची खुर्ची देतोस का मला? द्यायची नसेल तर तसं सांग, मला राग नाही. पण दुकानात सगळ्या चाकांच्या आहेत. मी बसायचे हॉलमध्ये आणि पोचायचे स्वयंपाकघरात."

"देतो की," मी म्हणालो. "आणून देतो."

म्हणालो खरं, पण नेली नाही. आधी म्हटलं एक पाय हलतोय, बघतो. मग म्हटलं कामं फार आहेत, लिफ्टमध्ये माणसं अडकतायत. पाय काही हलत नव्हता. अक्का तिकडे पलंगाच्या कडेला उशा रचून बसत होती आणि तिला उठवायला मुलगा आणि सून दोघं लागायची. एकदा सून घरात नव्हती आणि मुलगा अंघोळीला गेला होता, तेव्हा ती तशीच ताटकळत बसली. हे तिने मला सांगितलं नाही. माझ्या मुलीने सांगितलं.

मुलगी, चिमी, वेगळी राहते, पण रविवारी येते. त्या रविवारी आली ती भांडायलाच.

"बाबा, आत्याला खुर्ची का देत नाही तुम्ही?"

"देणार आहे."

"कधी? तिचे गुडघे जुने झाल्यावर?"

मग मी तिला सांगितलं. लाकडाचं मला काही नव्हतं. त्या खुर्चीच्या बैठकीत हिच्या बसण्याने खड्डा पडला होता. ही खिडकीकडे कलून बसायची, म्हणून तो उजवीकडे जास्त खोल होता. घरात फोटो आहेत, पण फोटो काढायचा म्हटलं की ही श्वास रोखून उभी राहायची आणि दुसऱ्याच कोणाची तरी बायको वाटायची. खड्डा मात्र तिने कोणाला दाखवायला पाडलेला नव्हता. अक्का चांगली अंगाने भरलेली आहे. ती आठवडाभर बसली की संपलं.

म्हणून मी त्या खुर्चीला फार जपलं होतं. ही गेल्यावर भेटायला माणसं यायची आणि नेमकी त्याच खुर्चीकडे वळायची, कारण ती दारासमोर होती. एक शेजारी तर असा दणकन बसला की माझ्या अंगावर काटा आला. तोंडावर उठा कसं म्हणणार? मग मी युक्ती काढली. कोणी आलं की मीच पटकन त्या खुर्चीत जाऊन बसायचो. पुढे माणसं यायची कमी झाली, पण मला सवय लागली. संध्याकाळी कामावरून आलो की पेपर घेऊन तिथेच बसायचो. मी बसलोय म्हटल्यावर दुसरं कोणी बसायचा प्रश्नच नव्हता.

चिमीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला खड्डा हवाय ना? खड्डा तुम्हाला मी देते. खुर्ची आत्याला द्या."

चिमीचं काम मला आधी नीट कळलं नव्हतं. जुन्या यंत्रांचे भाग बाजारात मिळत नाहीत, कारण बनवणारा कारखानाच बंद पडलेला असतो. लोक तुटका भाग घेऊन तिच्या वर्कशॉपमध्ये येतात. ती त्याचं स्कॅन करते, म्हणजे त्याचा आकार जसाच्या तसा, चारी बाजूंनी, खाचाखोचांसकट मशीनमध्ये उतरवून घेते, आणि त्यावरून नवा भाग बनतो. पुढच्या रविवारी साहेबांना विचारून ते मशीन ती घरी घेऊन आली.

मला वाटलं होतं टेंपोतून काहीतरी उतरेल. तिने खांद्यावरच्या पिशवीतून काढलं ते इस्त्रीएवढं. मूठ तशीच, पुढे काचेचे दोन-तीन डोळे, मागे मोबाइलसारखा पडदा.

"वायर कुठाय?"

"वायर नाही. बॅटरी मुठीत आहे."

"आणि कॉम्प्युटर?"

"तोही यातच आहे. पूर्वी एकाने मशीन धरायचं आणि दुसऱ्याने लॅपटॉप घेऊन मागे मागे फिरायचं. आता एकटीचं काम."

"म्हणजे दुसरा गेला घरी."

"दुसरी मीच होते, बाबा. आता मी धरते."

तिने खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली. चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे म्हणाली. मी टीपॉय उचलून बाहेर नेला. मग तिने रेक्झिनवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"काळं आणि वर चकचकीत. याला सगळ्यात नावडतं तेच नेमकं आईने घेतलं. काळं सगळा उजेड पिऊन टाकतं आणि चकाकी भलतीकडे फेकते. याला काही दिसतच नाही."

"मळखाऊ म्हणून घेतलं होतं."

तिने एक डबा काढला. त्यातून पांढरी बारीक भुकटी फवारली की काळं दिसेनासं होतं. मी म्हटलं, डाग राहील. ती म्हणाली, थोड्या वेळाने आपोआप उडून जाते, पुसायचीही गरज नाही. तरी मी ऐकेना, म्हणून तिने आधी मागच्या बाजूला एक ठिपका मारला आणि आम्ही चहा पिऊन आलो. ठिपका गेला होता. मग तिने बैठक आणि खुर्चीचे हात पांढरे केले. शाळेत नाटकात म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या मुलासारखी खुर्ची दिसायला लागली.

चिमीने बटण दाबलं. समोरून उजेड लुकलुकायला लागला. ती मशीन बैठकीवरून हळूहळू फिरवत होती, भिंतीला रंगाचा हात मारतात तशी. पडद्यावर आकार उमटत होता. फार जवळ गेली की कडा लाल, फार लांब गेली की निळी, बरोबर अंतरावर हिरवी. मी तिच्या मागे उभा राहून बघत होतो.

"तुमची सावली नको, बाबा. जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. तेवढ्यात मशीनने पींपीं केलं आणि चित्र थांबलं.

"काय बिघडलं?"

"हरवलं. गुळगुळीत जागेवर आलं की याला कळत नाही आपण कुठे आहोत. सगळं सारखंच दिसतं ना. मग जिथे शेवटची ओळख पटली होती तिथे परत न्यायचं." तिने मशीन मागे नेलं. चित्र पुन्हा सुरू झालं, पुढे गेलं, आणि पुन्हा पींपीं. असं बऱ्याचदा झालं. शेवटी ती म्हणाली, "खुर्चीचा उजवा हात पण घेते सोबत. त्याला कडा आहेत, कोपरे आहेत. तो नजरेत असला की हरवणार नाही."

तसंच झालं. मग ते अजिबात हरवलं नाही. तिने बैठक वरून घेतली, पुढून घेतली, गुडघ्यावर बसून कडेकडेने घेतली. मग मशीन टेबलावर ठेवलं आणि ते स्वतःशीच हिशेब करत बसलं.

"झालं," ती म्हणाली. "या, आईचा खड्डा बघा."

मी चष्मा लावला. पडद्यावर आमच्या खुर्चीची बैठक होती, पण राखाडी, मातीची केल्यासारखी. चिमीने बोटाने ती फिरवली, तिरकी केली. नुसत्या डोळ्यांनी त्या काळ्या रेक्झिनवर काही दिसायचं नाही, हात फिरवला तरच कळायचं. इथे सगळं उघडं होतं. मग तिने काहीतरी दाबलं आणि खोलीप्रमाणे रंग आले. जिथे जास्त खोल, तिथे गडद.

गडद डावीकडे होतं.

"उलटं दिसतंय का हे?" मी विचारलं. "आरशासारखं?"

"नाही. हा बघा उजवा हात. तो उजवीकडेच आहे."

"ही उजवीकडे कलून बसायची."

"माहितेय." तिने चित्र मोठं केलं. उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, एक वेगळीच छोटी खळगी होती. वेडीवाकडी, मध्येच दाते असल्यासारखी. "आणि हे काय आहे? काहीतरी टोचल्यासारखं?"

मी मागच्या खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर मशीनच्या शेजारी ठेवला. चिमीने चाव्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. उजव्या कुल्ल्याखाली एवढा जुडगा असल्यावर माणूस डावीकडेच भार टाकून बसणार.

"रोज बसत होतात?"

"रोज. म्हणजे, दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. तिने माझा दंड धरला आणि आम्ही तसेच उभे राहिलो. मी वर्षभर त्या खुर्चीवर पहारा दिला होता आणि पहारेकऱ्यानेच सगळं खाऊन टाकलं होतं. लहान मुलाने केलं असतं तर मी त्याच्या पाठीत धपाटा घातला असता.

चिमी उगाच चित्र फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली.

"बाबा, तुम्ही या खुर्चीतून उठता कसे?"

"कसे म्हणजे? उठतो."

"हात टेकून?"

"मला कशाला हात टेकायला लागतायत? हातात पेपर असतो."

"मग हे तुमचं नाही."

तिने उजवा हात पडद्यावर मोठा केला. मशीन हरवू नये म्हणून घेतलेला तो हात. त्याच्या पुढच्या टोकाला, जिथे तो गोल वळतो, लाकूड झिजून बशीसारखं खोलगट झालं होतं. बाजूला अंगठ्याएवढी एक वेगळी घळ. तळवा इथे, अंगठा तिथे, आणि सगळा भार उजव्या हातावर, कारण डावीकडची कंबर साथ द्यायची नाही. दिवसातून कितीदा तरी, दारावरची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, मी हाक मारली की, ही अशी उठायची. मी ते रोज बघत होतो आणि बघत नव्हतो.

मी खऱ्या खुर्चीजवळ गेलो. भुकटी अजून होती. वरून अंगठा लावला. माझा अंगठा त्या घळीत बसला नाही, मोठा पडला.

"हा हात ठेवून घेऊ," मी म्हणालो. आतून पेचकस आणला आणि खुर्ची आडवी करून खालचे स्क्रू उघडायला बसलो. चिमी म्हणाली, चालेल, या स्कॅनवरून ती नवा हात बनवून घेईल, आत्याला तो लावू. आठवडाभर लागेल. एक स्क्रू निघाला. दुसरा अर्धा आला तेव्हा मला अक्का पलंगाच्या कडेला बसलेली दिसली, उशांवर, अंघोळीला गेलेल्या मुलाची वाट बघत. एका हाताच्या खुर्चीतून ती काय उठणार होती? मी स्क्रू परत पिळला. जरा जास्तच घट्ट पिळला.

"काय झालं?"

"बनवायचा तो माझ्यासाठी बनव. हा जाऊ दे."

"लाकडाच्या रंगाचा करू?"

"नको. उगाच लाकूड असल्यासारखं नको वाटायला. जो रंग पडून असेल तो वापर."

तिने मान हलवली. मग मशीन हातात घेऊन विचारलं, "हात वेगळा करून ठेवलाय. बैठकीचं काय करू? ठेवू की पुसू?"

"पूस. ती माझी आहे. मी आहे की अजून."

तिने पुसली.

भुकटी उडून जाईपर्यंत आम्ही जेवून घेतलं. मग खुर्ची टेंपोत घालून अक्काकडे गेलो. अक्का दारात काठी धरून उभी होती.

"आली का महाराणी," ती म्हणाली. मला नाही, खुर्चीला. "गुंड्या, मला वाटलं माझ्या तेराव्याला आणतोस."

"बस आता, बडबड नको."

तिच्या मुलाने आणि मी खुर्ची खिडकीपाशी लावली. अक्का जपून बसली. बैठकीत जरा हललीबिलली, डावीकडे-उजवीकडे. मी दुसरीकडे बघितलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "आता उठून बघते. कोणी हात लावू नका मला."

तिने उजवा हात पुढे केला, चाचपडला, आणि तो आपोआप टोकाशी गेला. तळवा बशीत, अंगठा घळीत. ती जोर लावून उठली, थोडी थरथरली, पण उठली. उभी राहून खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाली, "इथे खोलगट करून घेतलंय का रे? छान पकड मिळते."

"करून नाही घेतलं. पडलंय."

तिला कळलं असावं, कारण तिने त्यावरून अंगठा एकदा सावकाश फिरवला.

"बरं पडलंय," ती म्हणाली, आणि पुन्हा बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली.

"आत्या, पुरे," चिमी म्हणाली. "पहिल्याच दिवशी किती?"

"थांब गं. जमतंय तोवर करून घेते," अक्का म्हणाली, आणि तिने परत हात टेकला.